मेश्राम सरांची स्टीलची डबी

आमचे शेजारी मेश्राम सर कुणालाही ‘कसे आहात?’ असं विचारत नाहीत. ‘पोट कसं हाये?’ असं विचारतात. लग्नात, मयतीत, नागभीड स्टेशनवर सुटत्या गाडीमागे धावणाऱ्या माणसालासुद्धा. आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला सोडत नाहीत.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांचा जीव समुद्री खेकड्यांच्या आतड्यांत अडकलेला आहे. आमच्याकडे खेकडा म्हणजे धानाच्या शेतातल्या बांधीतला, आणि लगेच त्याचा रस्सा. सर मात्र दर वर्षी कोकणात जाऊन चिखल तुडवतात. एकमेकांचे चुलतभाऊ शोभतील असे तीन जातींचे खेकडे धरतात आणि त्यांची आतडी बर्फातून घेऊन येतात. आतड्यात जंतूंची अख्खी वस्ती असते म्हणे, आणि चुलतभावांच्या वस्त्या बऱ्याचशा सारख्या निघतात.

“पण काऊन सारख्या?” सर मला फाटकात अडवतात. “रक्त एक म्हनून, का एकाच चिखलात जेवले म्हनून?”

मी मराठीचा मास्तर. मी घड्याळ बघतो.

ही आतडी सरांच्या घरच्या डीप फ्रीझरमध्ये असतात, कारण कॉलेजच्या विजेवर त्यांचा विश्वास नाही. घरच्याही नाही. पंखा जरा मंदावला की सर भरल्या ताटावरून उठतात. राहतात एकटेच. धाकटा भाऊ घुग्घुसला कोळसा खाणीत आहे. आईनं कुणाकडे राहायचं यावरून दोघांचं बिनसलं. आई गेली, तरी अबोला राहिला. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. सर फक्त खेकड्यांच्या नातेवाइकांबद्दल बोलतात.

या मे महिन्यात भर दुपारी वादळ आलं आणि ट्रान्सफॉर्मर उडाला. सर बनियनवरच आमच्या दारात. “भाऊ, पाच वर्षं वितळून राह्यले.” त्यांनी माझं पोट विचारलं नाही, तेव्हा मीही घाबरलो.

मोटारसायकल काढून बर्फाचा कारखाना गाठला. तलावाचे मासे विकणारे ढीवर तिथं बर्फाची लादी धानाच्या भुशात दाबून पोत्यात शिवतात. मग ती दिवसभर टिकते. त्यांच्याकडून तशीच बांधून घेतली. सर ती मांडीवर घेऊन मागे बसले आणि घर येईपर्यंत ‘टिकन ना?’ एवढंच विचारत राहिले.

घरी आतडी ठेवलेल्या नळ्या थर्माकोलच्या पेट्यांत भरायला घेतल्या. फ्रीझरच्या तळाशी मला स्टीलची डबी सापडली. आत अर्धवट वितळलेलं दही. उन्हानं माझ्या घशाला कोरड पडली होती, आणि एवढ्या गडबडीत सरांना काय विचारायचं? मीठ-जिरं घालून मठ्ठा केला. एक ग्लास मी प्यालो, एक सरांना दिला. पेटीतल्या थर्मामीटरवरची नजर न काढता त्यांनी तो एका दमात संपवला आणि रिकामा ग्लास हातातच धरून ठेवला. मी शहाण्यासारखे ग्लास घासले, डबीही घासली आणि पालथी घातली.

संध्याकाळी लाइट आली. नळ्या वाचल्या होत्या. सर त्या परत रचत असताना त्यांना पालथी डबी दिसली.

“हे कोनं धुतली?”

मी म्हणालो, मी. मठ्ठा त्यातलाच होता.

सर खालीच बसले. ते त्यांच्या मायच्या दह्याचं विरजण होतं. माय गेल्यापासून दर महिन्याला ताजं दही लावून ते डबीत जपत आले होते.

“पेतानी मले मायची याद आली,” ते म्हणाले. “मले वाटलं, घाबरलो म्हनून आली.”

मला तोंड वर करवेना. खेकडे वाचवता वाचवता मी त्यांची आई धुऊन टाकली होती.

मग सर बोलले. घुग्घुसच्या घरीही मायनं त्याच विरजणाचं दही लावलं होतं. तिथं अजून लागत असेल. त्यांनी मोबाइलवर भावाचा नंबर काढला आणि तसेच बसून राहिले. बोट काही पुढे जाईना. शेवटी मोबाइल माझ्या हातात दिला. “तुमी लावा. बोलतो मी.”

मी लावला, स्पीकरवर टाकला. घंटी वाजत राहिली. उचलूच नये, असं मला भीतीनं वाटून गेलं. मग कुणीतरी उचलला. सर मोबाइलवर वाकले.

तिकडून, खाणीतली पाळी करून आलेल्या माणसाचा थकलेला आवाज आला.

“भाऊ, पोट कसं हाये?”