टपावरची सायकल

सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत सगळे एकमेकांना 'कसे आहात' असं विचारतात. आमच्या गल्लीतले शिवण्णा विचारतात, "घरातनं किती वाजता निघाला? मधी कुटं थांबला?" माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा ते भेटायला आले. लातूरहून रडत आलेल्या माझ्या मेहुणीला त्यांनी पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "बस वेळेवर सुटली का, ताई?" ती हुंदके देत म्हणाली, "दहा मिनिटं उशिरा." शिवण्णांनी खिशातून वही काढली.

निवृत्तीनंतर हा माणूस मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायला शिकला. कुठून कुठे जायचं ते त्यात टाकायचं. स्टँडपर्यंत सायकलनं किती मिनिटं, पुढे बस कोणती, उतरल्यावर परत सायकल किती, सगळं तो सांगतो. कोड इंटरनेटवर उघडा ठेवलेला. "ह्याच्यावर मालकी कुणाची न्हाय, सर. कुणीबी घ्यावं, कुणीबी दुरुस्त करावं."

कुणीबी आलं नाही, म्हणून त्यांनी मला धरलं.

"नवी पेठेतल्या गर्दीतनं सायकल हातात धरून चालायला किती लागतं, बघून या की." मी गेलो. "हे सकाळचं झालं. संध्याकाळचं लई वेगळं असतंय." पुन्हा गेलो. रविवारी सातला दार वाजलं की बायको आतूनच म्हणायची, "उठा, तुमची बस आली."

हा खटाटोप कशासाठी, ते मला माहीत होतं. दुधनीपासून सात किलोमीटर आत त्यांची ऐंशीची अक्का एकटी राहते. तिच्या गावात बस जात नाही. शिवण्णांचा गुडघा चालू देत नाही, पण सायकल चालवू देतो. म्हणजे सायकल सोलापुरातच बसच्या टपावर चढली पाहिजे.

"दुधनीच्या बसला मागं शिडी हाय का, तेवढं स्टँडवर बघून या, सर."

ऊन मी म्हणत होतं. मी कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत गेलो, दोन ग्लास उसाचा रस प्यायलो, आणि घरी येऊन प्रोग्रॅममध्ये भरलं, 'शिडी आहे. सायकल चढते.' लहानपणी पाहिलेली शिडी डोळ्यांसमोर होती, तीच भरली. मनात म्हटलं, एकदाची ब्याद गेली.

त्या भरवशावर शिवण्णांनी अक्काला फोन केला, बारा-वीसला दारात असतो. भाऊ येणार असला की ती त्याच्याआधी जेवत नाही.

चौथ्या दिवशी परत आले ते लंगडत. बसला शिडी नव्हती. कंडक्टर म्हणाला, "काका, आता कुटली शिडी? सोडा ती सायकल हितंच." ती सोडून हे गेले आणि दुधनीपासून चालत सुटले. पोचायला दोन वाजले. अक्का उंबऱ्यावर बसली होती, ताटावर ताट झाकून.

मला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. ते म्हणाले, "तुमी बघितली ती जुनी गाडी असंल." मग वही उघडून वाचायला लागले, "दुधनी ते अक्का, चालत दोन तास दहा मिनिटं. सावली एकाच ठिकाणी, चिंचेखाली." गुडघा सुजलेला आणि हे मिनिटं सांगतायत! मी वैतागून उठलो. वैतागलो नसतो तर रडलो असतो.

आठ दिवस मला घास गोड लागला नाही. शेवटी त्यांच्याकडे गेलो आणि दारातूनच म्हणालो, "शिवण्णा, मी स्टँडवर गेलोच नव्हतो."

"म्हाईत हाय की. परवा वही चाळली. तुमीच सांगितलं हुतं, त्या दिवशी अकराला गेला, अकरा-वीसला घरात. एवढ्यात स्टँडवर जाऊन येणं होत न्हाय, सर."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. प्रोग्रॅममध्ये काम करणाऱ्यांची यादी होती. वर त्यांचं नाव, खाली माझं.

"अजून काढलं नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी यादीकडे बघितलं. "काढलं तर मी एकटाच उरतोय की," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. किती वाजता निघालात, हे त्या दिवशी विचारलं नाही.