उणे एकशे बासष्टचे माणिकराव

आमच्या मानवतमध्ये कुल्फी फुंकून खाणारा माणूस एकच, माणिकराव. मे महिन्यात लोक कुल्फीवर तुटून पडतात, आणि हे गृहस्थ तिला चहासारखी फुंकर घालतात. कुणी हसलं की उत्तर ठरलेलं, "थंडीबी भाजती, सर."

माणिकराव माझे शेजारी. उभी हयात एलएनजीच्या, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूच्या, टँकरवर गेली. जिथे पाइपलाइन पोचत नाही, तिथल्या कारखान्यांना गॅस पोचवायचा. निवृत्त झाले तरी टँकरवरून काही उतरले नाहीत. घरच्या फ्रीजला ते लेकराचं खेळणं म्हणतात. "आमचा माल उणे एकशे बासष्ट अंश! सहाशे खोल्यांतला गॅस एका खोलीत बसतो, लय गुणाचा."

त्यांची नात ऋतुजा माझ्या आठवीच्या वर्गात. विज्ञान दिनाला वर्गात बोलू द्या म्हणून ते महिनाभर माझ्या मागे लागले होते. "आजा काय काम करायचा, ते कळू द्या की तिला."

कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. म्हणाले, "पोराहो, ह्यो गॅस दाबून न्हाई, थंड करून पातळ करतेत."

मी वर्षानुवर्षं घरगुती सिलिंडर शिकवलेला विज्ञानाचा मास्तर. राहवलं नाही. "माणिकराव, गॅस दाबून भरतात हो. तुमचा टँकर होता की कुल्फीचा गाडा?"

वर्ग खदखदून हसला. ऋतुजाने मान खाली घातली.

माणिकराव मग म्हणाले, "सर म्हणतेत तेच बरोबर. म्या निस्ता ड्रायव्हर." आणि गेले.

संध्याकाळी मोबाइलवर शोधलं. त्यांचा शब्द न् शब्द खरा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. विचारलं, "मला तिथल्या तिथे खोडलं का नाही?"

"पोरायसमोर सराला कसं खोडावं? त्यायला उद्या तुमच्यापाशीच शिकायचं हाय."

"मी उद्या सगळ्या वर्गाला सांगतो."

"वर्गाला नका सांगू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऋतुजाला तेवढं सांगा. शाळेतून आल्यापास्नं माझ्याशी बोलंना ती."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात थांबवलं. "तुझे आजोबा फार चांगले आहेत हं," एवढंच बोललो. मी चुकलो, हे काही तोंडातून निघालं नाही. "हो सर," म्हणून ती गेली.

माणिकराव रोज सकाळी फाटकाशी भेटतात, हात जोडतात. सांगितलं का, म्हणून त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.