पेडणेकरकाका आणि रिमोल्डचा टायर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले पेडणेकरकाका कुठल्याही गाडीत बसण्याआधी डोळे मिटून तिच्या चारही चाकांवरून हात फिरवतात. रिक्षा असेल तर तीन. रिक्षावाला आधी हसतो, मग घाबरतो. मीही घाबरते, खोटं कशाला बोलू!

काका तीस वर्षं कुर्ल्याच्या एका रिमोल्डिंगच्या कारखान्यात टायर तपासायचे. डोळे का मिटता, विचारलं की म्हणतात, "डोळे फसतात गो, हात नाय." बाजारात कलिंगडही तसंच चाचपतात आणि मोठ्याने "बाद!" म्हणतात. कलिंगडवाला त्यांना लांबून बघताच गाडीवर ताडपत्री ओढतो.

रिमोल्ड कसा करतात, हे त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठून शिकवलंय. झिजलेला टायर आला की आधी आतून हात फिरवायचा. खिळा, फुगवटा, तुटलेली तार लागली तर बाद. नाहीतर खडूने खूण करून पुढे पाठवायचा. मग वरचं झिजलेलं रबर खरवडायचं, सोल्यूशन लावायचं, नवा पट्टा चढवायचा आणि भट्टीत शिजवायचा.

"नीट तपासलेला असेल तर ट्रकच्या मागच्या चाकाला बिनधास्त लाव. पट्टा दगा देत नाय, आतलं जुनं अंग देतं. पण पुढे? कधीच नाय! पुढचा फुटला की स्टिअरिंग कोणाच्या बापाचं ऐकत नाय."

हे ऐकल्यापासून हायवेवर शेजारून ट्रक गेला तरी मी आधी त्याची पुढची चाकं बघते.

परवा तर कहर झाला. माझ्या जुईचा सातवीचा पेपर होता. शाळेची व्हॅन गेटवर उभी, पोरं आत बसलेली. काकांनी पुढच्या चाकावर हात फिरवला आणि सरळ चाकासमोर फतकल मारली.

"संतोष, हा रिमोल्ड. पुढे लावलास?"

"काका, गॅरंटी आहे त्याची," ड्रायव्हर वैतागला.

"आत हात कोणी घातला होता? नाव सांग!"

बाकीच्या आया ओरडायला लागल्या. मीही तडकले, "काका, उठा ना! पेपर आहे पोरांचा!" त्यांनी वर बघितलं. चेहरा पांढराफटक. ह्याच व्हॅनमधून माझी पोर रोज हायवेवरून जाते! मी जुईला दंडाला धरून खाली उतरवलं. मग बाकीच्यांनीही आपापली पोरं उतरवली. संतोषने शिव्या गिळत स्टेपनी लावली. पोरं पेपराला वीस मिनिटं उशिरा पोचली.

संध्याकाळी काकांनी पंक्चरवाल्याकडे तो टायर रिमवरून उतरवून घेतला. मी मुद्दाम बरोबर गेले. माझी पोर कशावर बसून जात होती, ते मला बघायचंच होतं. काकांनी डोळे मिटले, हात आत घातला. पूर्ण गोल फिरवला, मग पुन्हा एकदा.

"पास," ते हळूच म्हणाले.

"पास? म्हणजे सकाळचा तमाशा उगाच?"

काका बाकड्यावर बसले.

"एकदा अर्धाच फिरवला होता गो. मंगल ऑपरेशनला आत होती. हाताखाली टायर, आणि हॉस्पिटलातून फोन आला. मी तशीच खडूने खूण केली नि पळालो."

"काकू वाचल्या ना?"

"वाचली. पुढे बारा वर्षं जगली. चार दिवसांनी कामावर गेलो, तर टायर कुठच्यातरी गाडीला लागून गेलेला. कुठच्या, कोणालाच ठाऊक नाय. अजून पेपरात टायर फुटल्याची बातमी आली की चहा घशाखाली उतरत नाय."

"काकूंना सांगितलंत?"

"तिला कसा सांगू? तिच्यापायी पळालो होतो ना. शेवटपर्यंत चिडायची, लोकांच्या गाड्या काय चाचपता म्हणून. मी म्हणायचो, सवय लागली गो."