कोपरं बघणारे बापू डॉक्टर

आमचे शेजारी बापू डॉक्टर माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघत. आधी कोपर, मग नखं, जमलंच तर गुडघे. लग्नाच्या पंगतीत समोरच्याने भाताला हात घातला की हे वाकून त्याचं कोपर न्याहाळत. एकदा बाजारात त्यांनी मला ओळखच दिली नाही. मी बाह्या वर सारल्या, तेव्हा म्हणाले, "अरे, तू होय!"

बापू त्वचेचे डॉक्टर, त्यातही सोरायसिसचे. कातडीवर खवले आणणारा हा रोग थंडीत का उसळतो आणि उन्हाळ्यात का दबतो, याच्या संशोधनात त्यांचं आयुष्य गेलं. लग्न 'राहून गेलं'. नाशिकला थंडी पडली की लोक स्वेटर बाहेर काढत, बापू कॅमेरा. गंगापूर रोडवरच्या दवाखान्याच्या ओट्यावर रुग्णाला उभं करून फोटो घेत आणि लांब सरकलेल्या नातेवाइकांना म्हणत, "हात लावा, काही होत नाही!" हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं, की आमच्या मीटरचं झाकण उघडून बसलेल्या वायरमनलाही त्यांनी जाता जाता तेच सांगितलं. तो बिचारा स्टुलावरून पडायचाच बाकी होता.

नव्वदच्या दशकात ते एका परिषदेसाठी युरोपात जाऊन आले. कॉलनीच्या गणपतीत पाटी लागली, 'बापूंचा परदेश प्रवास : स्लाइड शो'. बर्फ बघायला मिळणार म्हणून बायका पोराबाळांसह सतरंजीवर जागा धरून बसल्या. दिवे मालवले, पहिली स्लाइड आली. कोपर. "हे जर्मन गृहस्थ." दुसरी आली. गुडघा. "या बाई स्वीडनच्या." बर्फ शेवटपर्यंत आला नाही. आरती त्या दिवशी जरा लवकरच उरकली.

आम्ही पोट धरून हसलो होतो. पण त्याच वर्षी थंडीत माझ्या धाकट्या बहिणीच्या, वीणाच्या, कोपरांवर आणि मनगटांवर चंदेरी खवले उमटले आणि घरातलं हसू पळालं. तिला बघायला मनमाडहून पाहुणे यायचे होते. आई म्हणाली, "लांब बाह्यांचं ब्लाऊज घाल." वीणा म्हणाली, "लपवून लग्न करणार नाही मी." बाबा नव्हते, म्हणून वडीलधारे या नात्याने बापूंना बोलावलं. तिच्यावर उपचारही तेच करत होते.

वीणाने स्वतः केलेले पोहे आणले. मुलाच्या आईची नजर बशीवरून मनगटावर गेली आणि बशी अलगद टीपॉयवर ठेवली गेली. "माझा आज उपास आहे," त्या म्हणाल्या. मघाशीच त्यांनी चहात बिस्कीट बुडवून खाल्लं होतं. वीणाचा चेहरा एवढासा झाला.

बापूंनी ती बशी उचलून शांतपणे संपवली. मग त्यांची नजर मुलाच्या वडिलांच्या नखांवर खिळली. गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले.

"नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत तुमच्या. गुडघे दाखवा."

"अहो, इथे?"

"दाखवा हो!"

त्यांनी चोरासारखी पँट वर केली. वीणाच्या मनगटावर होतं तेच, पण कितीतरी जास्त.

"लग्नाआधीपासूनचं आहे," ते पुटपुटले.

"आणि मला सांगितलंत, इंजिनाखाली गुडघे टेकून घट्टे पडलेत म्हणून!" बाई कडाडल्या. "जन्मभर तेल चोळलं मी त्या घट्ट्यांना!"

"मग तुम्हाला झालं का काही?" बापूंनी विचारलं.

बाई थबकल्या. त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि एकदम त्यांना हसू फुटलं. "पोहे आहेत का गं अजून?" त्या वीणाला म्हणाल्या. मुलगा तर केव्हाचा दुसऱ्या बशीवर होता. आईने देवापुढे साखर ठेवली. आमच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

पाहुणे गेल्यावर मी बापूंना चिडवलं, "आज तुम्हीच जास्त पोहे रिचवलेत."

ते हसले नाहीत. "वणीला माझी मुंज झाली," ते म्हणाले. "मातृभोजनाला आईच्या ताटात जेवायला बसायचं, तिने भरवायचं. माझ्या आईच्या हातांना हेच होतं रे. तिच्या जागी काकूला बसवलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. हात लावा, काही होत नाही, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. मला तेव्हा माहीतच नव्हतं."

वीणा आत गेली, कढईच्या तळाशी राहिलेले पोहे घेऊन आली आणि चमचा बाजूला ठेवून तिने हातानेच त्यांच्यापुढे घास धरला. बापूंनी लहान मुलासारखा आ केला. तिचं कोपर अगदी त्यांच्या नाकासमोर होतं. पण ते तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले.