हेझलची शिकवणी

सबनीस काका आमच्या दारात उभे राहून माझ्या बायकोला विचारत, "माधवी, आज कुकर लावणार आहेस का?" त्यांना जेवायला यायचं नसे. फक्त शिट्ट्या हव्या असत. निदान तीन.

शॉमबर्गमधल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत ते अगदी शेजारी राहतात. निवृत्त इंजिनियर. काकूंना जाऊन चार वर्षं झाली, मुलगा टेक्सासमध्ये. इतर निवृत्त मंडळी क्रूझवर जातात. काकांनी अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या संस्थेत नाव दिलं आणि दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरी आणलं. हेझल. तिला वर्षभर सांभाळायचं, माणसांत वावरायला शिकवायचं, कसल्याही आवाजाला घाबरू द्यायचं नाही आणि मग पुढच्या ट्रेनिंगसाठी संस्थेला परत द्यायचं.

काकांच्या घरात आवाज असा नव्हताच, म्हणून शिकवणी आमच्याकडे. मिक्सर सुरू झाला की काका तिला गंभीरपणे सांगत, "काही नाही, चटणी आहे." इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हेझल ढोलांसमोर खुशाल झोपली. कानात बोळे होते ते काकांच्या.

हेझलच्या अंगात संस्थेचं जॅकेट असलं की तिला कुणी हात लावायचा नाही, हा नियम. आमची सात वर्षांची रिया रोज विचारी, "काका, कॅन आय पेट हर?"

"जॅकेट घातलंय ना? ऑफिसात आहे ती."

एकदा मंडळाच्या अध्यक्षांनी हेझलपुढे बटाटेवडा धरला. काका कडाडले, "लीव्ह इट!" हेझल ढिम्म. अध्यक्षांनी वडा मुकाट्यानं खाली ठेवला.

असा हा कडक मास्तर एका साध्या गोष्टीत नापास झाला. संस्थेच्या बाई तपासणीला आल्या. हेझलनं सगळं छान केलं. मग त्या म्हणाल्या, "आता तिला आत एकटीला ठेवून आपण बाहेर थांबू." दार बंद होताच हेझलनं असा गळा काढला, की आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. तिला एकटं राहायची सवय लावणं हेही काकांचं काम होतं, आणि वर्षभरात त्यांनी तिला एकदाही एकटं सोडलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा दोघं जोडीनं जात.

बाईंनी दोन महिने दिले. तेवढ्या काळात ती चार तास शांतपणे एकटी राहायला शिकली नाही, तर तिचं नाव कटणार होतं. अशी पिल्लं ठेवून घेणार का, असं ज्यांनी ती वाढवली त्यांनाच आधी विचारतात.

"मग बरंच झालं की काका," मी म्हणालो. "काही शिकवू नका. तुमच्याकडेच राहील."

मला वाटलं, त्यांनाही हेच हवं असणार.

"मला दिसतं रे चांगलं," ते म्हणाले. "माझ्याकडे राहून ती काय करणार?"

दुसऱ्या दिवसापासून ते हेझलला घरात ठेवून आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागले. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग तास. घरी कॅमेरा लावला होता. फोनवर हेझल दाराशी रडताना दिसे आणि काका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. माधवी म्हणे, "बघू नका ना काका." ते मान हलवत आणि बघत राहत.

मार्चमधल्या एका दुपारी हेझल रडली नाही. एकदा दारापर्यंत जाऊन आली, सोफ्याजवळ अंग टाकलं आणि झोपली. चार तास झाले तरी झोपलेलीच.

"जमलं तिला," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. पुढच्या महिन्यात ती जाणार हे आता पक्कं झालं होतं. मला आनंदही झाला आणि फार वाईटही वाटलं.

"झाले चार तास, काका. जा आता घरी," मी म्हणालो.

ते उठले. कोट चढवला, बूट घातले, पुन्हा एकदा फोन पाहिला आणि दाराशेजारच्या बाकावर बसले.

"आत्ता गेलो तर जागी होईल रे," ते म्हणाले. "बसतो इथेच जरा."

माधवीनं न विचारता त्यांचंही ताट वाढलं.