डाव्या कोपऱ्यातला फ्यूज

विजेच्या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घरातली इस्त्री मी दोनदा दुरुस्त केली आहे. दुसऱ्यांदा का करावी लागली, ते विचारू नका! तर आमच्या गाडीचा हॉर्न मुका झाला, तेव्हा मी बायकोला ऐटीत म्हणालो, "फ्यूज उडालाय. पाच मिनिटांचं काम!"

नवा फ्यूज घातला आणि हॉर्न असा ठणाणला की शेजारच्या काकू दचकून बाहेर आल्या. सासूबाईंनी लगेच मान फिरवली. आठ महिन्यांपूर्वी सासूबाईंची शिवणाची मोठी कात्री हरवली. आदल्याच दिवशी काकूंनी ती मागून नेली होती. "मी परत दिली," असं काकू म्हणतात, "ती घरात नाही," असं सासूबाई म्हणतात, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद!

सासूबाईंना मागे बसवून निघालो. पहिल्याच वळणावर हॉर्न दाबला. पुन्हा ढिम्म!

"पाच मिनिटं झाली वाटतं," मागून आवाज आला.

गाडी सासूबाईंची. शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे रोज दुकानांत पोचवायचे आणि त्या बदल्यात एरवी गाडी माझ्या ताब्यात, असा आमचा करार. पण माझा मेव्हणा त्या गाडीवर टपूनच बसलेला. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी निकाल दिला, "रविवारपर्यंत हॉर्न नीट झाला नाही, तर किल्ली धाकट्याकडे जाईल."

आता हा इज्जतीचा प्रश्न झाला! मी हॉर्न खोलला. बॅटरी पुसली. पुढच्या सगळ्या वायरी एकेक करून चाचपल्या. फ्यूज इतके आणले की दुकानदारानं विचारलं, "साहेब, घाऊक भाव लावू का?"

एक वायर तेवढी बघितली नाही. सासूबाईंना मागे उकडतं म्हणून मीच एक चिमुकला पंखा बसवून दिला होता. हॉर्नच्याच फ्यूजवरून वायर ओढली होती, मागच्या सीटखालून. ती कशाला तपासायची? ती तर मी जोडलेली!

शुक्रवारी डोक्यात प्रकाश पडला. मी एकटा असलो की हॉर्न वाजतो. बायको शेजारी बसली तरी वाजतो. सासूबाई बसल्या की फ्यूज उडतो!

"अहो, हळू बोला," बायको कुजबुजली. "आणि आईचं वजन ते काय? काडी आहे नुसती!"

खात्री करायला मी मागच्या सीटच्या मधोमध पिठाचं पोतं ठेवलं आणि हॉर्न वाजवत आख्ख्या वस्तीला फेरी मारली. फ्यूज ठणठणीत!

"बघितलंस? पोत्यानं उडत नाही. म्हणजे प्रश्न वजनाचा नाही, प्रश्न व्यक्तीचा आहे!"

हे मी जरा मोठ्यानंच म्हणालो. खिडकीआडचं शिलाई मशीन टक्कन थांबलं.

"जावईबापू, म्हणजे मी अपशकुनी का?"

"तसं नाही आई, हे विज्ञान आहे..."

"रविवारी धाकट्याला बोलावते. त्याच्यासमोर होऊ दे तुमचं विज्ञान!"

रविवारी मेव्हणा किल्लीसाठी खिसा रिकामा करूनच आला. "भाऊजी, तुम्ही बाजूला व्हा, मी बघू का?"

"तू फक्त बघच," मी म्हणालो आणि नवा फ्यूज घातला.

सासूबाई नेहमीसारख्या डाव्या कोपऱ्यात बसल्या. तिथे ऊन येत नाही. हॉर्न गप्प! मी फ्यूज बदलला. या वेळी त्या उजव्या कोपऱ्यात बसल्या. हॉर्न दणदणीत! पुन्हा डावीकडे सरकल्या. गप्प!

"खोट माझ्यात नाही, जागेत आहे," सासूबाई उतरत म्हणाल्या. "झंपर एका जागी ओढला जात असेल तर मी बाईला दोष देत नाही. उसवून बघते. धाकट्या, सीट उचल!"

आणि त्या क्षणी मला ती हरवलेली कात्री आठवली. आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्या कात्रीनं कागद कापायलाही घरात बंदी होती, आणि मी पंख्याची वायर कापायला तीच घेतली होती. मग ती कुठे ठेवली, ते काही केल्या आठवेना. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आई, मी हात लावला असेल तर हात झडो!" संशयाला काकू आपसूकच सापडल्या, मी गप्प बसलो. वाईट वाटत होतं हो! पण सासूबाईंची भीती त्याहून जास्त वाटत होती.

"सीट नको!" मी ओरडलो. "एकदा काढली की परत नीट बसत नाही!"

मेव्हण्यानं एका हिसक्यात सीट उचलली. खाली, डाव्या कोपऱ्यात, कात्री! सीट दाबली जाईल तशी रोज थोडी थोडी वायर कुरतडत तिचं पातं आत तांब्यापर्यंत पोचलं होतं.

सासूबाईंनी कात्री उचलली, धारेवरून अंगठा फिरवला. दोन ठिकाणी खाचा पडल्या होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नव्हे, उजव्या हाताकडे.

"अजून जागेवर आहे की!" त्या म्हणाल्या आणि कात्री घेऊन थेट काकूंच्या दारात गेल्या.

माझीही वरात मागून गेली. काकूंची माफी मागताना हात जोडले, तेव्हा मेव्हण्यानं मुद्दाम मोजले. "दोन्ही आहेत, भाऊजी!"

हॉर्न आता खणखणीत वाजतो. वाजवतो मेव्हणा. त्याच्या शेजारी सासूबाई असतात. दोघींचं जमल्यापासून काकूही रोज सोबत येतात आणि मागे उजवीकडे बसतात. डाव्या कोपऱ्यात मी असतो, मांडीवर कपड्यांचे गठ्ठे घेऊन. माझ्या बसण्यानं फ्यूज उडत नाही.

पंखा मात्र काकूंकडे वळवलेला असतो.