दौलतजींची वाडी

बाजारातून विकत घेतलेल्या वांग्यांना रस्त्यात बसून माती फासणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. वाशीमला मास्तरकी लागून मला महिनाही झाला नव्हता. सकाळी बाजारातून घरी येत होतो, तर आमचे शेजारी दौलतजी लिंबाखाली उकिडवे बसलेले. पिशवीतून एक वांगं काढायचं, ओल्या मातीत लोळवायचं, फुंकर मारायची, सोनारानं दागिना न्याहाळावा तसं लांब धरून बघायचं आणि परत पिशवीत ठेवायचं.

मला पाहून ते दचकले नाहीत. उलट तक्रारच केली. "लय धुऊन देते ते भाजीवाली. माह्या हिशोबानं, मास्तर, भाजीवालीनं इतकं सोवळं पाळू नाई."

"पण माती कशाला?"

"वाडीतून आणलं म्हणून सांगा लागते ना घरी," ते म्हणाले, आणि उठून चालायला लागले.

दौलतजींचा जन्म कापसाच्या एका जिनात यंत्रांना तेल पाजण्यात गेला होता. गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांची विहिरीसकट एक लहानशी वाडी होती. वाडी म्हणायची त्यांची, पण ती पिकवायच्या त्यांच्या बायको, यशोदाबाई. त्यांच्या हातचा सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, दारात आला की वास शेजारी कळायचा, असं गल्लीत सगळे सांगत. मी येण्याआधी दोन पावसाळे झाले असतील, यशोदाबाई विहिरीच्या काठावर घसरल्या. मांडीचं हाड नीट जुळलंच नाही. तेव्हापासून ओसरीवरची खाट आणि चूल, एवढंच त्यांचं जग. वाडीकडे जायचं तर वाट धुऱ्यावरून, म्हणजे शेतांमधल्या बांधावरून, वीतभर रुंद. तिथे बैलगाडी जात नाही. चौघांच्या खांद्यावरून जायला त्या तयार नव्हत्या. "तशी एकदाच जाईन," म्हणायच्या.

म्हणून वाडी दौलतजींवर आली. ते रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून निघत आणि उन्हं चढली की पिशवी भरून परतत. मग खाटेवरून उलटतपासणी सुरू व्हायची. आमच्या दोन घरांमध्ये कुडाची भिंत; मला सगळं ऐकू यायचं.

"वालाचा वेल कुठवर चढला?"

"हा इथवर." दौलतजी हात कुठेतरी लावून दाखवत असावेत.

"काल खांद्यापर्यंत होता. आज गुडघ्यावर काहून आला?"

"वाकला."

एकदा तर त्यांनी कोबीचा गड्डा आणला. यशोदाबाईंनी तो उलटासुलटा केला. "आपण कोबी कवा लावला?"

"लावला नाई. पाखरानं बी टाकलं असंल."

"पाखरू हुशार दिसते," यशोदाबाई म्हणाल्या आणि कोबी चिरायला घेतला.

दुपारी मात्र दौलतजींचं दुसरं राज्य सुरू व्हायचं. अंगणात ते सायकल बनवत होते. विकत घेतलेली सायकल त्यांना मान्य नव्हती. "माह्या हिशोबानं, ते दुकानदाराची सायकल असते. आपण फक्त वर बसतो." सांगाडा भंगारातला, पुढचं चाक मागच्यापेक्षा थोडं मोठं, त्यामुळे उभी केली की सायकल आभाळाकडे बघत असल्यासारखी दिसायची. मागे कॅरिअरच्या जागी त्यांनी पाठ असलेली लाकडी खुर्चीच ठोकली होती, बसायला सरकीच्या पोत्याची गादी, पाय ठेवायला फळ्या. ही बैठक यशोदाबाईंसाठी. तिच्यावर बसवून वाडीत न्यायचं, असा त्यांनी शब्द दिला होता.

पण सायकल पुरी होत नव्हती. मी विचारलं की ते हातातला पाना खाली ठेवून सांगत, "एकच पुर्जा बाकी हाये, मास्तर." कधी तो पुर्जा म्हणजे छर्रे असायचे, कधी पायडल, कधी मडगार्ड. छर्रे मिळाले की पायडल ढिलं निघायचं. एकदा मी पाहिलं, तयार झालेलं मागचं चाक ते शांतपणे खोलत होते. मला वाटलं, कारागीर माणूस, मनासारखं जमत नसेल.

शेवटी साखळीवर काम अडलं. वाशीमच्या कोणत्याच दुकानात मापाची साखळी मिळेना, हे ते मोठ्या समाधानानं सगळ्यांना सांगत. दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याला गेलो होतो. तिथे मला अगदी तशीच साखळी मिळाली. मी कौतुकानं ती आणून त्यांच्या हातात ठेवली.

दौलतजींचा चेहरा असा पडला की मी घरचं काही वाईट सांगितलं की काय, असं मलाच वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "कायले तरास घेतला तुमी?"

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "आला ना पुर्जा? मंग उद्या सकाळी जाऊ."

सकाळी गल्ली गोळा झाली. नऊवारी नीट खोचून यशोदाबाई खुर्चीवर बसल्या. दौलतजींनी हँडल धरलं, मी मागून खुर्ची धरली. सायकल चालवायचा प्रश्नच नव्हता. ती ढकलतच न्यायची होती. बायका पदराआड हसत होत्या. यशोदाबाई ताठ बसून होत्या, जणू त्यांची अंबारीच निघाली होती.

धुरा लागल्यावर दौलतजी वारंवार थांबू लागले. इथे चिखल आहे, तिथे काटा आहे, उन्हं वाढली, परत जावं का. यशोदाबाई फक्त "चला" म्हणत. माझ्या लक्षात आता सारं यायला लागलं होतं, पण बोलायची सोय नव्हती.

वाडीचं फाटक मोडून पडलं होतं. आत कंबरभर गवत. वालाचा मांडव एका बाजूला झुकलेला, त्यावर वाळका वेल. वाफे कुठे होते तेही ओळखू येत नव्हतं. दौलतजी हँडलकडे बघत उभे राहिले. मी पलीकडच्या वावराकडे पाहू लागलो.

यशोदाबाई म्हणाल्या, "उतरवा मले."

आम्ही दोघांनी धरून त्यांना गवतात बसवलं. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. आवाजात राग नव्हता. "भाजी बाजाराची हाये, हे मले पयल्या दिवशीच समजलं. पण तुमी रोज सकाळी जात कुठी होते?"

"इथीच येत होतो."

"इथी?"

"त्या दगडावर बसत होतो." दौलतजींनी फाटकाबाहेरचा दगड दाखवला. बसून बसून तो गुळगुळीत झालेला होता. "आत जावं म्हणून रोज येये. पण तू इहिरीपाशी वाकून बसलेली असायची ना, तिकडेच नजर जाये. तिथी कोणी नाई म्हटल्यावर पाय उचलतच नव्हता माहा. मंग मी बाजारात जाये."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यात एकदाही 'माह्या हिशोबानं' आलं नाही.

यशोदाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढं गवत उपटायला लागल्या. "उभे काय राह्यले? विळा आणला काय?"

"नाई."

"मंग हातानं उपटा. इकडे बसा, माह्या बाजूनं."

दौलतजी त्यांच्याजवळ मांडी घालून बसले आणि घाईघाईनं मुठी भरभरून गवत उपसू लागले. पहिल्याच मुठीत गवताबरोबर आपोआप उगवलेलं टमाट्याचं कोवळं रोप निघालं. त्यांना ते कळलंही नाही. यशोदाबाईंनी त्यांच्या मुठीतून ते रोप अलगद सोडवलं, बोटानं माती उकरून परत लावलं आणि भोवती थोपटलं.

माझी शाळेची वेळ झाली होती. सायकल तिथल्याच एका लिंबाला टेकवून मी धुऱ्यावरून एकटा परत निघालो.